रेंज ॲनालिसिस: आकड्यांच्या टोकांवर कंपायलर कुठे घसरतो

दहा घटकांचा एक ॲरे आहे. ‘क्ष १० पेक्षा लहान आहे का’ ही अट खरी ठरली तरच त्यातला क्ष क्रमांकाचा घटक वाचला जातो. क्ष अनसाइन्ड (शून्य किंवा धनच किंमत घेणारा) असेल तर अटीच्या आत त्याची किंमत ० ते ९ यांपैकीच असणार. मग ‘इंडेक्स ॲरेच्या बाहेर तर नाही ना’ ही भाषेने आपोआप घातलेली तपासणी कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) बिनदिक्कत काढून टाकू शकतो. प्रोग्राम न चालवता, प्रत्येक चलाची किंमत कुठून कुठपर्यंत जाऊ शकते याचा असा हिशेब मांडणे म्हणजे व्हॅल्यू रेंज ॲनालिसिस. त्यामागचे गणित पॅट्रिक आणि राधिया कूझो यांनी १९७० च्या दशकात मांडले. आज जीसीसी आणि एलएलव्हीएम हे कंपायलर, जावास्क्रिप्टची इंजिने आणि लिनक्स कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) ईबीपीएफ व्हेरिफायर (छोटे प्रोग्राम कर्नलमध्ये चालवण्याआधी तपासणारा भाग) या सगळ्यांत त्याची कुठली ना कुठली आवृत्ती आहे.

कल्पना शाळेतल्या गणिताइतकी सोपी आहे. क्ष [२, ५] मध्ये आणि य [१०, २०] मध्ये असेल, तर क्ष + य [१२, २५] मध्ये. (या लेखात कंसातली दोन्ही टोके रेंजमध्ये धरली आहेत, जिथे तसे नाही तिथे वेगळे सांगितले आहे.) तरीही हा कोड लिहायला अवघड जातो, कारण कंपायलर ज्या आकड्यांचा हिशेब करतो ते ठरावीक बिटांत मावणारे असतात, आणि टोकांची बेरीज-वजाबाकी करताना कंपायलरचा स्वतःचा हिशेबही त्याच मर्यादेत अडकतो.

इथे चूक एकाच बाजूला झालेली चालते. खरे उत्तर [१२, २५] असताना [०, २५५] सांगितले, तर एखादे ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची संधी) हुकते, एवढेच. पण [१२, २४] सांगितले, तर २५ ही किंमत येईल तेव्हा चुकीचा कोड चालेल, तोही कुठलाही इशारा न देता. रेंज हवी तेवढी सैल चालेल. खऱ्या किमतीपेक्षा एकानेही आखूड चालणार नाही.

रिकामी आणि संपूर्ण

कुठल्याही गणिताआधी दोन खास उत्तरे नीट वेगळी ठेवावी लागतात. संपूर्ण रेंज म्हणजे ‘काहीच माहीत नाही, कुठलीही किंमत असू शकते’. रिकामी रेंज म्हणजे ‘कुठलीच किंमत शक्य नाही’, अर्थात कोडचा हा भाग कधी चालणारच नाही. जीसीसीमध्ये यांना अनुक्रमे व्हेरिइंग आणि अनडिफाइन्ड म्हणतात. एलएलव्हीएममध्ये रेंज अर्धी उघडी असते: खालचे टोक आत, वरचे बाहेर. दोन्ही टोके सारखी असतील तर त्याचा अर्थ आधीच ठरवून ठेवलेला आहे. दोन्ही शून्य असतील तर रिकामी, दोन्ही त्या प्रकारातली सर्वांत मोठी अनसाइन्ड किंमत असेल तर संपूर्ण.

इथला सापळा बघा. ८-बिट अनसाइन्ड क्ष साठी ‘क्ष ≤ य’ ही अट खरी आहे आणि य जास्तीत जास्त २५५ असू शकतो. म्हणजे क्ष ची रेंज ० पासून ‘२५५ च्या पुढच्या’ आकड्यापर्यंत, पुढचा आकडा बाहेर. ८ बिटांत २५५ अधिक १ म्हणजे ०. दोन्ही टोके शून्य झाली, वाचणाऱ्याने त्याचा अर्थ ‘रिकामी’ असा लावला, आणि नेहमी चालणारी शाखा ‘कधीच चालत नाही’ म्हणून उडवली गेली. एलएलव्हीएममध्ये यासाठी वेगळे फंक्शन ठेवले आहे: टोके सारखी आली तर त्याचा अर्थ संपूर्ण धरायचा. ‘उत्तर रिकामे असूच शकत नाही’ अशी खात्री असेल तिथे तेच वापरायचे.

प्रत्येक क्रियेच्या फंक्शनची पहिली ओळ म्हणूनच ठरलेली: दोन्हीपैकी एक रेंज रिकामी असेल तर उत्तर रिकामे, आणि तिथेच परत फिरायचे. हे न करता पुढे गेले की रिकाम्या रेंजची टोके खरे आकडे समजून बेरीज होते.

बेरीज: गुंडाळलेली टोके

८-बिट अनसाइन्ड घेऊ. [२००, २४०] अधिक [१०, १५] म्हणजे [२१०, २५५], बरोबर मावते. दुसरी रेंज [१०, २०] केली की वरचे टोक २६० होते, आणि ८ बिटांत त्याचे ४ उरतात. [२१०, ४] असे उलटे दिसणारे उत्तर येते. ते चूक नाही. त्याचा अर्थ २१० ते २५५ आणि ० ते ४. गुंडाळलेली रेंज ठेवायची सोय असेल तर ती तशीच ठेवायची, नसेल तर संपूर्ण म्हणायचे.

[२५०, २५५] अधिक [१०, २०] मध्ये दोन्ही टोके ओलांडतात: २६० ते २७५, म्हणजे [४, १९]. ओव्हरफ्लो झाला (आकडा बिटांत मावला नाही), पण उत्तर सरळ आणि अचूक आहे. त्यामुळे ‘ओव्हरफ्लो झाला का’ हा प्रश्नच अपुरा पडतो. दोन्ही टोके सारख्याच वेळा ओलांडली का, हे विचारावे लागते.

खरा घातकी नमुना तिसरा. [०, २००] अधिक [०, १००]. खरी उत्तरे ० ते ३००. ८ बिटांत टोके काढली की [०, ४४] येते. उलटे नाही, संशयास्पद नाही, अगदी साळसूद दिसते आणि साफ चूक आहे. टोके बघून हे कळत नाही. मोजणी करावी लागते. पहिल्या रेंजमध्ये २०१ किमती, दुसरीत १०१. बेरजेत २०१ + १०१ − १ = ३०१ सलग किमती येतात. ८ बिटांत जागा २५६ च. मोजणी २५६ किंवा जास्त झाली की उत्तर संपूर्ण. ही तपासणी बेरजेच्या आधी आणि रुंद पूर्णांकात करायची; ८ बिटांतच मोजणी केली तर तीही त्याच खड्ड्यात पडते.

साइन्ड (ऋण किमतीही घेणाऱ्या) आकड्यांचे नियम भाषेवर अवलंबून असतात. सी आणि सी++ मध्ये साइन्ड ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड आहे (म्हणजे तो झाला तर काय व्हावे हे भाषा ठरवतच नाही; जीसीसीच्या रिकाम्या रेंजचे नाव वेगळे), म्हणून [१००, १२७] अधिक १ चे उत्तर [१०१, १२७]: १२७ अधिक १ घडतच नाही असे धरायची मुभा आहे. जावामध्ये तेच उत्तर गुंडाळले जाते आणि −१२८ धरावेच लागते. जीसीसीला ‘एफ-रॅप-व्ही’ हा पर्याय दिला की सी चा कोडही जावासारखा वागतो. एलएलव्हीएममध्ये ही माहिती प्रकाराला नसून प्रत्येक सूचनेवरच्या ‘एनएसडब्ल्यू’ (‘नो साइन्ड रॅप’) या खुणेत असते. खूण नसेल तर गुंडाळणारी बेरीज धरायची.

मग [१२७, १२७] अधिक १ चे काय? सी च्या नियमाने उत्तर रिकामे. नियमात बसते, पण अशा ठिकाणी संपूर्ण रेंज परत केलेली बरी. असा कोड क्वचितच येतो, त्यामुळे गमावण्यासारखे काही नसते. उलट शाखा अचानक गायब झाल्याने डिबग करणाऱ्याची होणारी परवड वाचते.

गुणाकारात चार कोपरे घ्यायचे. [−३, ५] गुणिले [−७, २] साठी २१, −६, −३५, १०. त्यातला लहान आणि मोठा घेतला की [−३५, २१]. गुणाकार दुप्पट बिटांत करायचा, म्हणजे ६४-बिट टोकांसाठी १२८ बिट. बस्स.

भागाकार: इथे चार कोपरे फसवतात

[२०, १००] भागिले [−४, ६]. चार कोपरे काढले तर −५, ३, −२५ आणि १६. उत्तर [−२५, १६]? पण भाजक १ असेल तर १०० भागिले १ म्हणजे १००, आणि −१ असेल तर −१००. दोन्ही किमती त्या रेंजच्या कितीतरी बाहेर. भाजक शून्याच्या जवळ येतो तसा भागाकार वाढत जातो आणि शून्य ओलांडताच चिन्ह बदलतो. कोपऱ्यांची युक्ती मध्ये उडी नसेल तिथेच चालते.

यावर अटींचा जिना रचायचा मोह होतो: भाजक धन असेल तर हे, ऋण असेल तर ते, शून्य ओलांडत असेल तर आणखी काही, भाज्यही शून्य ओलांडत असेल तर अजून चार शाखा. असा कोड वाचता येत नाही आणि त्यातली एखादी शाखा हमखास चुकते. त्यापेक्षा रेंज अडचणीच्या जागी कापायची, प्रत्येक तुकड्यावर साधा नियम लावायचा आणि शेवटी तुकड्यांचा संयोग घ्यायचा. भाजकातून शून्य काढले की [−४, −१] आणि [१, ६] उरतात. पहिल्याने [−१००, −५], दुसऱ्याने [३, १००]. अनेक तुकड्यांच्या रेंज ठेवता येत असतील तर दोन्ही ठेवा. नाहीतर [−१००, १००]. विशेष प्रकरण भागाकाराच्या सूत्रात शिरलेच नाही. ते आधीच कापून बाजूला काढले गेले.

शून्य वगळायची परवानगी मात्र भाषेची लागते. सी मध्ये शून्याने भागणे अनडिफाइन्ड आहे, जावात एक्सेप्शन येते (हिशेब तिथेच थांबतो). दोन्हींत भागाकाराचे उत्तर म्हणून काहीच हाती येत नाही, म्हणून वगळणे योग्य. ईबीपीएफमध्ये शून्याने भागले की उत्तर ० असते, हे ठरलेले आहे. तिथे भाजकात शून्य असेल तर उत्तरात ० मिळवावाच लागतो.

दुसरी अडचण साइन्ड प्रकारातल्या सर्वांत लहान आकड्याची. ८ बिटांत −१२८ आहे, पण १२८ नाही. म्हणून −१२८ भागिले −१ चे उत्तर त्या प्रकारात मावत नाही. एक्स८६ प्रोसेसर तर ३२ आणि ६४ बिटांतल्या अशा भागाकारावर थेट एक्सेप्शन देतो. समजा [−१२८, −१००] भागिले [−२, −१]. सी च्या नियमाने ती एकच जोडी वगळायची आहे. पुन्हा कापा: [−१२७, −१००] भागिले [−२, −१] म्हणजे [५०, १२७], आणि एकटा −१२८ भागिले एकटा −२ म्हणजे ६४. संयोग [५०, १२७]. जावामध्ये ती जोडी वगळता येत नाही, तिचे उत्तर −१२८ च येते, तेवढे मिळवायचे.

हाच आकडा निरपेक्ष किंमत आणि चिन्ह-बदल या क्रियांतही आडवा येतो. गुंडाळणाऱ्या भाषेत −१२८ ची निरपेक्ष किंमत −१२८ च असते, म्हणून ‘निरपेक्ष किमतीची रेंज कधीच ऋण नसते’ हे वाक्य कोडमध्ये गृहीत धरलेले दिसले की थांबून तपासावे. बाकी काढतानाही तेच. सी मध्ये बाकीचे चिन्ह भाज्याचे असते आणि तिचा आकार भाजकाच्या निरपेक्ष किमतीपेक्षा किमान एकाने लहान असतो. ती निरपेक्ष किंमत अनसाइन्डमध्ये काढायची, नाहीतर −१२८ तिथेही घात करतो. भाज्य आधीच भाजकापेक्षा लहान असेल, उदाहरणार्थ [५, ७] आणि भाजक [१०, २०], तर बाकी म्हणजे भाज्यच. हे तपासायला एक तुलना पुरते आणि अचूकता बरीच वाढते.

अटींमधून मिळणारी माहिती

‘क्ष < य’ खरे असेल तर क्ष चे वरचे टोक य च्या सर्वांत मोठ्या किमतीपेक्षा एक कमी. सर्वांत लहान नव्हे. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. अट खोटी असेल तर क्ष चे खालचे टोक य ची सर्वांत लहान किंमत. य ची मोठ्यात मोठी किंमतच ० असेल (अनसाइन्ड) तर ‘एक कमी’ म्हणजे २५५ होते. सुदैवाने उत्तर [०, २५५] असे सैल येते, चुकीचे नाही, पण ती शाखा मेलेली आहे हे कळायची संधी जाते.

‘क्ष ≠ ५’ ही माहिती [०, १०] मध्ये बसवता येत नाही, कारण भोक मध्यभागी पडते. भोक टोकाला असेल तर मात्र सोपे: [०, १०] मधून ० काढला की [१, १०]. जीसीसीमध्ये पूर्वी ‘या रेंजच्या बाहेरचे सगळे’ अशी उलटी रेंज ठेवत. आता अनेक तुकडे ठेवता येतात. तुकड्यांची संख्या मर्यादित ठेवावी लागते, आणि मर्यादा ओलांडली की शेजारचे तुकडे जोडून टाकायचे. जोडल्याने रेंज सैल होते, आखूड नाही, म्हणून ते सुरक्षित.

क्ष ने भागले म्हणजे त्यापुढे क्ष शून्य नाही, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) वापरला म्हणजे त्यापुढे तो नल (रिकामा पत्ता) नाही, हीसुद्धा माहितीच. ‘त्यापुढे’ या शब्दावर सगळे उभे आहे. २००९ मध्ये लिनक्सच्या टन (आभासी नेटवर्क जोडणीच्या) ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि नंतर नल आहे का ते तपासले होते. कंपायलरने नंतरची तपासणी निरर्थक म्हणून काढली आणि त्यातून सुरक्षेचे भगदाड पडले. कंपायलर नियमाला धरूनच वागला होता.

एकच बिट, दोन अर्थ

८ बिटांचा २०० हा साइन्ड वाचनात −५६ असतो. अनसाइन्ड [१००, २००] ही रेंज साइन विस्तारून (साइन्ड वाचनातले चिन्ह जपून) ३२ बिटांत न्यायची तर १०० ते १२७ एक तुकडा आणि −१२८ ते −५६ दुसरा. दोन टोके सरळ विस्तारली तर १०० आणि −५६ मिळतात, आणि अदलाबदल करून [−५६, १००] केले की जवळपास सगळे चूक. इथेही तोच उपाय: १२७ आणि १२८ च्या मध्ये कापा, मग विस्तारा. उलट दिशेने, ३२ बिटांचे ८ करताना, रेंजमध्ये २५६ किंवा जास्त किमती असतील तर संपूर्ण; कमी असतील तर गुंडाळलेली रेंज. [२५०, २६०] चे होते २५० ते २५५ आणि ० ते ४.

या भागातल्या चुका महाग पडतात, हे ईबीपीएफ व्हेरिफायरने पुन्हा पुन्हा दाखवले आहे. तिथे रेंज ॲनालिसिस कोड वेगवान करण्यासाठी नसून कर्नलमध्ये कुठला प्रोग्राम शिरू द्यायचा हे ठरवण्यासाठी असते. सीव्हीई (जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटींचे नोंद-क्रमांक) पाहा: सीव्हीई-२०१७-१६९९५ मध्ये साइन विस्तार चुकला होता, सीव्हीई-२०२०-८८३५ मध्ये ३२-बिट क्रियांच्या मर्यादा, आणि सीव्हीई-२०२१-३४९० मध्ये ३२-बिट अँड, ऑर आणि एक्सऑर या बिटांच्या क्रियांच्या मर्यादा. तिन्हींचा परिणाम एकच: व्हेरिफायरला वाटलेली रेंज आणि प्रत्यक्ष रजिस्टरमधली किंमत यांची फारकत.

बिटांच्या क्रियांसाठी नुसती टोके तोकडी पडतात. चाराने गुणलेल्या आकड्याचे शेवटचे दोन बिट नेहमी ० असतात, पण [०, २५२] या रेंजमध्ये ते कुठेच दिसत नाही. म्हणून कुठले बिट नक्की ०, कुठले नक्की १ याची वेगळी नोंद ठेवतात आणि दोन्ही नोंदी एकमेकींना घट्ट करतात. शिफ्ट करताना आधी शिफ्टचे प्रमाण बघा. सी मध्ये ३२-बिट आकडा ३२ किंवा जास्तने सरकवणे अनडिफाइन्ड, म्हणून प्रमाणाचा [०, ३१] शी छेद घ्यायचा. जावात प्रमाणाचे शेवटचे ५ बिटच वापरले जातात, म्हणजे ३२ ने सरकवणे हे ० ने सरकवणेच. तिथे छेद घेतला तर उत्तर चुकेल.

लूप

न शून्यापासून सुरू, ‘न < १००’ तोवर दर फेरीला १ ने वाढतो. ॲनालिसिस फेरीफेरीने चालवले तर [०, ०], [०, १], [०, २] असे सरकत राहील. म्हणून दोन-तीन फेऱ्यांत वरचे टोक वाढताना दिसले की ते एकदम प्रकाराच्या कमाल किमतीला नेतात. याला वाइडनिंग म्हणतात. मग अटीच्या आधारे परत आवळतात, ते नॅरोइंग. लूपच्या आत [०, ९९], बाहेर पडल्यावर नेमके १००. पण अट ‘न ≠ १००’ अशी असेल तर आवळणे फसते: संपूर्ण रेंजच्या पोटात १०० चे भोक पडते आणि वरचे टोक कमालच राहते. अशा लूपसाठी सुरुवात, पायरी आणि फेऱ्यांची संख्या यांवरून हिशेब करणारे वेगळे ॲनालिसिस लागते. एलएलव्हीएममध्ये ते स्केलर इव्होल्यूशन नावाने आहे. वाइडनिंग नेहमी कमाल किमतीलाच न नेता आधी कोडमध्ये दिसणाऱ्या स्थिरांकांवर थांबवले, तरी बरेच काम भागते.

फ्लोटिंग पॉइंट

अपूर्णांक साठवणाऱ्या या आकड्यांत नेहमीचे तर्क मोडतात. ‘क्ष < य’ खोटे असेल म्हणून ‘क्ष ≥ य’ खरे होत नाही, कारण दोन्हींपैकी एक नॅन (‘हा आकडाच नाही’ सांगणारी खास किंमत) असू शकतो. म्हणून रेंजसोबत ‘नॅन शक्य आहे का’ ही वेगळी खूण लागते, आणि अटीच्या खोट्या शाखेत ती खूण काढता येत नाही. अनंत वजा अनंत, शून्य गुणिले अनंत, दोन्ही नॅन.

दुसरा सापळा ऋण शून्याचा. −० आणि ० तुलनेत सारखे, पण १ भागिले −० म्हणजे ऋण अनंत. ‘क्ष = ०’ एवढे कळल्यावर क्ष च्या जागी ० लिहून टाकणे म्हणूनच चूक. क्रोमच्या व्ही८ इंजिनात एक्सपीएम१ या गणिती फंक्शनच्या उत्तरात −० येतच नाही असे गृहीत धरले होते. −० दिल्यावर ते −० परत करते. तेवढ्या एका किमतीच्या चुकीवरून ॲरेच्या सीमा-तपासण्या उडवता आल्या.

तपासणी कशी करायची

या कोडचे एक भाग्य असे की तो जवळजवळ पूर्ण तपासता येतो. ४-बिट आकडे घ्या. गुंडाळलेल्या धरून एकूण २४२ वेगळ्या रेंज होतात: टोकांच्या २५६ जोड्यांपैकी सारख्या टोकांच्या १६ वजा, आणि रिकामी व संपूर्ण या दोन मिळवून. दोन रेंजच्या जोड्या ५८,५६४. प्रत्येक जोडीत किमतींच्या जास्तीत जास्त २५६ जोड्या, म्हणजे दर क्रियेला दीड कोटीच्या आत हिशेब. साध्या संगणकावर काही सेकंद. प्रत्येक किमतीचे खरे उत्तर काढायचे आणि ते सांगितलेल्या रेंजमध्ये आहे का ते बघायचे. शिवाय खरी उत्तरे सामावणारी सर्वांत लहान रेंज काढून आपली तिच्यापेक्षा किती सैल आहे तेही मोजायचे. पहिली तपासणी अपयशी ठरली तर तो बग. दुसरी अपयशी ठरली तर तो निर्णय, आणि तो टिपणीत लिहून ठेवावा.

४ बिटांत जे दिसत नाही ते दोन ठिकाणी असते. एक, ६४ बिटांवर कंपायलरचा स्वतःचा पूर्णांक भरून वाहतो. ४ बिटांत तो कधीच भरत नाही. म्हणून ६४ आणि १२८ बिटांवर निवडक टोकांची तपासणी वेगळी हवी. दोन, १ बिट. एक-बिट साइन्ड प्रकारात किमती दोनच: ० आणि −१. तिथे १ नाहीच. १ लिहिले की ते −१ होते. ‘धन तुकड्याची सुरुवात १’ असे गृहीत धरून भाजक कापणारा कोड तिथे ऋण तुकडाच धन समजतो, आणि सर्वांत लहान किंमत व −१ एकच असल्यामुळे शून्याखेरीज कुठल्याही भाज्याला −१ ने भागणे म्हणजे ओव्हरफ्लो ठरते.